लाल पट्टीतलं नाव

१

वडशाच्या बसस्टँडसमोरच्या भिंतीवर पोस्टर चिकटलं सोमवारी सकाळी आठ वाजता, आणि सव्वाआठला आरमोरीच्या गाडीतून उतरलेल्या रंभाबाईंनी ते पाहिलं.

मंडईच्या नाटकाचं पोस्टर होतं. दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडईची जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. पोस्टरवर सहा चेहरे होते आणि प्रत्येक चेहऱ्याखाली एक रंगीत पट्टी, तिच्यात त्या कलावंताचं नाव. नवी नायिका दिव्यानी, तिच्या चेहऱ्याखाली निळ्या पट्टीत ठसठशीत पांढरी अक्षरं. विनोदी नटाखाली हिरवी पट्टी, तिच्यात त्याचं नाव. सगळ्यांत मोठा, मधला चेहरा रंभाबाईंचा. त्याखाली लांबरुंद लाल पट्टी होती आणि तिच्यात काहीच नव्हतं.

रंभाबाई बावीस वर्षं हरिदासच्या नाट्यमंडळात होत्या. हा आपला शेवटचा हंगाम, असं त्यांनीच दसऱ्याला सांगून टाकलं होतं. त्यांनी पोस्टर जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, पट्टीवर बोट फिरवून पाहिलं. मग आल्या त्याच गाडीत परत जाऊन बसल्या आणि तिथूनच हरिदासला फोन लावला.

"नाव काढलं ना माह्यं? बरं केलं. मंग मले बी काढा. उद्या दुपारच्या गाडीनं मी लेकीकडे बल्लारपूरले चालली."

फोन बंद झाला तो झालाच. हरिदासनं सात वेळा लावून पाहिला. गुरुवारी कोसमटोल्याला प्रयोग होता आणि ज्या बाईसाठी गावानं नाटक ठरवलं ती बाईच निघाली होती. हरिदास मालक असला तरी घाबरट माणूस. तो चप्पल न घालताच लटारूभाऊंच्या घरी पोचला.

लटारूभाऊ मंडळाचे प्रॉम्प्टर. झाडीपट्टीत तालमी करायला कोणाला सवड असते? नट स्टेजवर उभा राहतो आणि स्टेजच्या पुढच्या खड्ड्यात पुस्तक घेऊन बसलेला माणूस त्याला वाक्य देतो, हा हलक्या आवाजात, तो मोठ्या. बावीस वर्षं लटारूभाऊंनी रंभाबाईंना वाक्यं दिली होती. शिवाय मंडळात काही हरवलं की त्यांच्याकडे जायचं, अशी एक रीत पडली होती. खड्ड्यातून माणूस खालून दिसतो, आणि खालून पाहिलं की आधी त्याची हनुवटी दिसते. तोंड खोटं बोलेल, हनुवटीला ते जमत नाही, असं त्यांचं म्हणणं. याच जोरावर त्यांनी एकदा हरवलेली पेटी आणि दोनदा टोप शोधून दिले होते.

रंभाबाई जाणार म्हटल्यावर लटारूभाऊंनी लगेच पायात चप्पल घातली. हंगाम संपल्यावर त्या जाणारच होत्या, त्याची तयारी त्यांनी मनाशी केली होती. पण आपल्याच माणसांनी नाव पुसलं असं समजून जाणं वेगळं. उद्या दुपारपर्यंत वेळ होता.

२

बाबूभाईंची ऑफसेट प्रेस रेल्वे फाटकाजवळ होती. सत्तरीचे बाबूभाई मांडीवर पोस्टर घेऊन स्टुलावर बसले होते, घरात कोणी गेल्यासारखे. त्यांची मुलगी सायमा कॉम्प्युटरपुढे बसली होती. पोस्टरचं सगळं काम आता तीच करायची. तिचे डोळे लाल झाले होते.

"भाऊ, मी काय बोलू?" बाबूभाई म्हणाले. "माह्या प्रेसमधून असा गुनाह? अन् तो बी रंभाबाईसोबत?"

लटारूभाऊंनी खिशातून फोन काढला. शनिवारी संध्याकाळी सायमानं मंजुरीसाठी पोस्टरचं चित्र सगळ्यांच्या फोनवर पाठवलं होतं. त्या चित्रात लाल पट्टी होती आणि पट्टीत पांढऱ्या अक्षरांत रंभाबाईंचं नाव अगदी झळकत होतं. हरिदासनं त्यावर पसंतीच्या अंगठ्याची खूण पाठवली होती. खुद्द रंभाबाईंनी जोडलेल्या हातांची.

म्हणजे शनिवारी संध्याकाळी नाव होतं आणि रविवारी दुपारी छापून आलं तेव्हा नव्हतं. मधल्या वेळात फाइल कोणाच्या हातात होती, असं लटारूभाऊंनी विचारलं. सायमा म्हणाली की तिच्याच. मंजुरी मिळाल्यावर तिनं ती छपाईची प्लेट करायला मागच्या खोलीत झिंगू कारागिराकडे धाडली आणि त्यानंतर उघडलीही नाही. फाइलवरची वेळ तिनं दाखवली. शनिवार, सहा वाजून दहा मिनिटं. त्यानंतर कोणी एक टिंबसुद्धा हलवलेलं नव्हतं.

"अन् आता फाइलमदे नाव हाये का?"

सायमानं फाइल उघडली. पडद्यावर लाल पट्टी आली आणि तिच्यात नाव होतं, जिथं असायला हवं तिथं, पांढरंशुभ्र.

"काका, मी लहानपणी बाईच्या मांडीवर बसून नाटकं पाह्यली," ती म्हणाली. "मी काऊन पुसन त्यांचं नाव?"

लटारूभाऊंनी तिची हनुवटी पाहिली. ती थरथरत होती, पण सरळ होती. मग त्यांनी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. तिथं झिंगू होता, आणि झिंगूचा सख्खा भाऊ दुसऱ्या मंडळात तबला वाजवायचा.

३

झिंगू प्लेटवाला पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. तो कोणाकडे बघून बोलत नसे, म्हणून लोक त्याला आतल्या गाठीचा समजायचे. खरं म्हणजे तो लाजाळू होता. लटारूभाऊ आत आले तसा त्यानं काही न विचारता रविवारच्या चारही प्लेटा काढून भिंतीला टेकवल्या.

पोस्टर चार शायांत छापतात, निळी, गुलाबी, पिवळी, काळी, आणि प्रत्येक शाईची ॲल्युमिनियमची पातळ प्लेट वेगळी. जिथं शाई लागायची तिथं प्लेटवर हिरवट थर असतो, जिथं नको तिथं ती कोरी. पांढऱ्या रंगाची प्लेटच नसते. पांढरं म्हणजे कागद. निळ्या पट्टीत दिव्यानीचं नाव पांढरं दिसतं, कारण निळ्या प्लेटच्या थरात तिच्या नावाची अक्षरं कापून कोरी ठेवलेली असतात.

हे सगळं झिंगूनं बोटानं दाखवलं, तोंडानं फार थोडं सांगितलं. मग त्यानं गुलाबी आणि पिवळी प्लेट पुढे केली. या दोन शाया मिळून लाल रंग होतो. दोन्हींवर पट्टी अखंड हिरवट होती. कुठे ओरखडा नाही, कुठे भरलेलं नाही.

प्लेटवरचा थर खरवडून काढता येतो, तसा बुजवताही येत असेल, असं लटारूभाऊंनी सुचवून पाहिलं. झिंगूनं प्लेट उजेडात तिरपी धरली आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं.

"भाऊ, बुजवलं असतं तं डाग दिसला असता. इथी डाग नाई. नाव इथपर्यंत आलंच नाई."

लटारूभाऊ प्लेटपुढे उकिडवे बसून राहिले. सायमाच्या पडद्यावर नाव होतं. दहा पावलांवर, त्याच फाइलमधून निघालेल्या प्लेटवर नव्हतं. आणि त्या दहा पावलांत कोणी माणूस नव्हता, एक वायर होती.

४

तेवढ्यात हरिदासचा फोन आला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की शनिवारी दिव्यानी एकटीच प्रेसमध्ये येऊन गेली. हरिदासच्या मते झालं, चोर सापडला. नवी पोरगी, तिला मोठं नाव पाहिजे, जुनं नाव अडचणीचं.

लटारूभाऊंना हे इतकं सोपं वाटलं की त्यांचा विश्वासच बसेना. तरी ते गेले. दिव्यानी तिच्या खोलीत गुरुवारच्या साड्यांना इस्त्री करत होती आणि त्यातल्या दोन रंभाबाईंच्या होत्या. प्रेसमध्ये गेल्याचं तिनं लगेच कबूल केलं. मात्र कशाला, ते सांगायला तिला जड जात होतं. शेवटी तिनं इस्त्री बाजूला ठेवली.

"पोस्टरवर माही पट्टी बाईच्या पट्टीच्या बरोबरीनं होती, काका. मी सायमाले म्हटलं, माही खाली घे. बाई शिकवते मले. बरोबरीनं कशी लिहू?"

तिनं सायमाला हे कोणाला सांगू नको असंही बजावलं होतं, कारण हरिदास रागावला असता. लटारूभाऊंनी पोस्टर आठवलं. दिव्यानीची पट्टी खरंच दोन बोटं खाली होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर पडले.

रस्त्यात त्यांनी हिशेब मांडला. सायमा खरं बोलली, झिंगू खरं बोलला, दिव्यानी खरं बोलली. हरिदासला खोटं बोलण्याइतकं धैर्यच नव्हतं. बाबूभाईंचा तर प्रश्नच नाही. सगळ्यांच्या हनुवट्या साफ होत्या, आणि तरी नाव गेलं होतं.

एकाची चौकशी मात्र राहिली होती. त्याला हनुवटीच नव्हती, म्हणून त्याच्यावर संशय घ्यायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. लटारूभाऊ झपाझप प्रेसकडे वळले.

५

"सायमा, तुह्या ह्या पडद्यावर दिसते तसंच छापून येते, हे तुले कोनं सांगतलं?"

सायमा गोंधळली. तिनं सॉफ्टवेअरमधलं एक बटण दाखवलं. ते चालू ठेवलं की छपाईत जे उमटेल तेच पडद्यावर दिसतं, अब्बांनी तिला ते कायम चालू ठेवायची सवय लावली होती, आणि आताही ते चालू होतं.

लटारूभाऊंना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण वाचणारा काय वाचतो आणि बोलणारा काय बोलतो यात फरक पडला, की दोघांतल्या एकानं काहीतरी गाळलं आहे, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी साधा प्रश्न विचारला. सहा नावं होती, पाच उमटली, एक नाही. मग या एकात आणि त्या पाचांत फरक काय?

सायमा विचार करू लागली. रंग सगळ्यांचा पांढरा. पट्ट्या सारख्या. मग ती हळूच म्हणाली की बाकीची पाच नावं तिनं या वर्षी नव्यानं टाइप केली. कलावंत दर हंगामाला मंडळ बदलतात, त्यामुळे नावं दर वर्षी नवी. रंभाबाई तेवढ्या कधी गेल्या नाहीत. त्यांचं नाव जुन्या फाइलमधून नव्या फाइलमध्ये येत राहिलं, दर वर्षी, जसंच्या तसं. ते टाइप केलेलं नव्हतंच. बारा वर्षांपूर्वी बाबूभाईंनी ते कुंचल्यानं काढलं होतं आणि मग कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलं होतं.

"त्या अक्षरांले मी कधी हात नाई लावला. ह्या वर्षी फक्त रंग बदलला."

"मंग आता लाव हात. काय काय हाये त्याच्या पोटात, ते पाह्य."

सायमानं नावावर क्लिक केलं. बाजूला एक यादी उघडली. तिच्यात तळाशी एका चौकटीत बरोबरची खूण होती. सायमाचा हात थांबला.

"ओव्हरप्रिंट," ती म्हणाली.

तिनं त्यांना समजावून सांगितलं. एरवी एका रंगावर दुसऱ्या रंगाचं अक्षर ठेवलं, की खालच्या रंगात त्या अक्षराची खिडकी कापली जाते. ही खूण असली की खिडकी कापायची नाही, वरूनच छापायचं. काळ्या अक्षराला ते चालतं, काळी शाई कशावरही उमटते. पण पांढऱ्याला शाईच नाही. खिडकी नाही, तर पांढरं नाही. मात्र ते बटण चालू असताना पडद्यानं हे दाखवायला हवं होतं, नाव गायब दिसायला हवं होतं.

"खूण काढ," लटारूभाऊ म्हणाले.

तिनं काढली. तिच्या पडद्यावर काहीही बदललं नाही. नाव आधीही पांढरं होतं, आताही पांढरंच. तिनं फाइल आत धाडली. दोघंही दाराकडे बघत राहिले. मागच्या खोलीतून बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता.

मग झिंगू म्हणाला, "आलं."

६

गुन्हेगार सापडला होता. दिवाळीआधी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली होती आणि तिच्यात खोट होती. जुन्या फाइलमधून आलेल्या, एकत्र जोडून एकच चित्र करून ठेवलेल्या अक्षरांची ओव्हरप्रिंटची खूण ती पडद्यावर दाखवतच नव्हती. सायमानं दुसरं एखादं अक्षर घेऊन चार वेळा करून पाहिलं. नवं अक्षर घेतलं की पडदा खरं बोलायचा, जुनं घेतलं की खोटं. फोनवर पाठवलेलं चित्रही त्याच पडद्यातून निघालं होतं, त्यामुळे तेही फसलं.

पण ती खूण मुळात लावली कोणी? सायमानं बापाकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्या लावली," ते म्हणाले. "तवा आपली मशीन जुनी होती, भाऊ. रंग सरकत जाय. अक्षराच्या बाजूनं पांढरी फट पडे. बाकीच्या नावाले पडली तं पडली, म्हटलं. रंभाबाईच्या नावाले फट नोको. म्हून ते काळं नाव खूण लावून पिवळ्यावर बसवलं."

बारा वर्षं ते नाव एकदाही फाटलं नाही. काळं होतं तोवर खूण त्याला सांभाळत होती, आणि पांढरं झाल्यावर तिनंच त्याला गिळलं. बाबूभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सायमा उठून त्यांच्या स्टुलाशी जाऊन बसली.

एवढ्यात हरिदास येऊन टेकला होता. त्याला सगळं दोनदा सांगावं लागलं. सांगून झाल्यावर सायमानं सहज विचारलं की बारा वर्षं काळं-पिवळं चाललं, मग या वर्षी लालवर पांढरं करा असा निरोप तिला आला, तो कोणाच्या मनानं?

"मी फोन केला होता," हरिदास म्हणाला. "पण मले तं भाऊनंच सांगतलं. काऊन भाऊ? तुमीच म्हटलं ना, औंदा बाईचं नाव पांढरं करा म्हून?"

सगळे लटारूभाऊंकडे बघू लागले. त्यांना ते आठवत नव्हतं असं नाही. त्या बोलण्याचा याच्याशी काही संबंध असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी पहिल्यांदाच स्वतःची हनुवटी चाचपली.

७

मंगळवारी सकाळी नवं पोस्टर गुंडाळून लटारूभाऊ आरमोरीला गेले. बाबूभाई आणि सायमा दोघंही यायला निघाले होते, पण आधी मी एकटा जातो, असं त्यांनी सांगितलं. गाडीत त्यांनी काय बोलायचं ते तीनदा जुळवलं आणि तीनदा मोडलं.

रंभाबाईंच्या ओसरीत बॅग भरून ठेवली होती. कोंबड्यांकडे बघायला शेजारणीला सांगून झालं होतं. त्यांनी लटारूभाऊंना पाणी दिलं, समोर बसल्या, आणि पोस्टरकडे पाहायचं मात्र टाळलं.

लटारूभाऊंनी सगळं सांगितलं. चार प्लेटा, झिंगूचं "आलं", दिव्यानीची दोन बोटं खाली घेतलेली पट्टी, सायमाचे लाल डोळे. बाबूभाईंनी फट पडू नये म्हणून लावलेली खूण. रंभाबाईंना यातलं निम्मं कळलं नसावं. पण दिव्यानीचं ऐकताना त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि बाबूभाईंचं ऐकताना तो तिथंच राहिला.

"मले तुमच्या कम्प्युटरचं काई समजत नाई," त्या शेवटी म्हणाल्या. "पण कोनं पुसलं नाई, एवढं समजलं."

"नाई पुसलं."

"अन् पांढरं करा म्हून कोनं सांगतलं?"

लटारूभाऊंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. ही गोष्ट न सांगताही भागलं असतं.

"म्या."

"काऊन?"

"डोळ्यात मोतीबिंदू उतरला माह्या. जवळचं पुस्तक दिसते, दूरचं नाई दिसत. मागच्या वर्षी स्टँडवर उभा होतो तं मले तुमचं नाव वाचता नाई आलं. औंदा शेवटचा हंगाम. म्हटलं, पांढरं असन तं मले दुरून दिसन."

ओसरीत एक कोंबडी आली, बॅगेभोवती फिरली आणि गेली. रंभाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. बावीस वर्षं त्या स्टेजवरून समोरच्या लोकांकडे बघत आल्या होत्या, खड्ड्यातल्या माणसाकडे बघायची वेळच येत नसे.

"बावीस वर्षं माह्या कानात बोलून राह्यले तुमी," त्या म्हणाल्या. "रोज. सगळं पुस्तकातलं. आपल्या मनचं आज पयलं बोलले."

लटारूभाऊंना पुढचं वाक्य द्यायला कोणी नव्हतं. रंभाबाईंनी हात पुढे करून पोस्टर घेतलं, मांडीवर उलगडलं आणि लाल पट्टीतलं आपलं नाव वाचलं. मग त्या उठल्या, बॅग उचलून आतल्या खोलीत ठेवून आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"गुरुवारी गाडी कितीले निघते?"

"तीनले," लटारूभाऊ म्हणाले.

"मंग अडीचले या घ्यायले," त्या म्हणाल्या. "तुमीच या."